डास नाही, पण डासाच्या पेशी आहेत

गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात तोडलेल्या बांबूच्या खुंटात पावसाचं पाणी साचतं आणि त्यात अळ्या वळवळू लागतात. पट्टेरी एडिस अल्बोपिक्टस डासाला अशा जागा फार मानवतात. याच जातीच्या अळ्यांपासून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत (एनआयव्ही), के. आर. पी. सिंग यांनी पेशींचा एक वंश तयार केला. १९६७ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली.

नुकत्याच जन्मलेल्या अळ्या बारीक करून पोषक द्रवात ठेवल्या, की काही पेशी तग धरतात आणि दुभंगत राहतात. बाटली भरली, की विरजणासारख्या थोड्या पेशी काढून नव्या द्रवात घालायच्या. आपल्या शरीरातल्या साध्या पेशी अशा वाढवल्या, तर ठरावीक विभाजनांनंतर थकतात. डासाच्या या पेशी थकल्या नाहीत.

विषाणू जिवंत पेशीबाहेर वाढत नाही, म्हणून न थकणाऱ्या या पेशी मोलाच्या. १९७८ मध्ये संशोधक इगाराशी यांनी या वंशातून सी६/३६ ही शाखा निवडली. तिच्यातली विषाणूंना रोखणारी एक यंत्रणा अधू आहे. त्यामुळे डेंग्यू, चिकुनगुन्याचे विषाणू तिच्यात जोमानं वाढतात. अर्थात, बाटलीतल्या पेशीत घडलं ते माणसात घडेलच असं नाही.

डेंग्यूचा विषाणू वेगळा करायला जगभरच्या प्रयोगशाळा आजही हीच शाखा वापरतात. पुण्यातलं हे काम आपल्या शालेय पुस्तकांत यायलाच हवं.