मधुमेह आणि डोळ्याचा पडदा

शेगांवमुळें आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत 'श्रीगजानन विजय' ग्रंथाचे एकवीस अध्याय मुखोद्गत असलेल्या वृद्ध स्त्रिया पुष्कळ घरीं आढळतात. पोथी समोर असते, पानें वेळेवर उलटलीं जातात. परंतु डोळे अक्षरें वाचीत आहेत कीं जिव्हाच सवयीनें चालली आहे, हें घरांत कोणास उमगत नाहीं. सुईंत दोरा नात ओंवते, तांदूळ सून निवडते. एकत्र कुटुंबाच्या या मायेमुळेंच दृष्टीचा ऱ्हास झांकला जातो, असें माझें मत आहे. आणि आजीला मधुमेह असेल तर तें घातक होय.

रक्तांतील साखर वर्षानुवर्षें वाढलेली राहिली म्हणजे डोळ्याच्या पडद्यांतील केसाहून बारीक रक्तवाहिन्या दुर्बल होतात. त्यांवर सूक्ष्म फुगे येतात, रक्त पाझरतें. पुढें नव्या ठिसूळ वाहिन्या उगवून फुटतात व दृष्टि अकस्मात् जाते. आरंभीं ना वेदना, ना अंधुकता. चष्म्याचा नंबर काढून हा विकार कळत नाहीं.

प्राचीन वैद्यांनीं मूत्राच्या माधुर्यावरून रोगास नांव दिलें. जिवंत डोळ्याच्या आंत पाहण्याचें साधन मात्र १८५१ सालीं जर्मनींत हेल्महोल्ट्झ यानें प्रसिद्ध केलें. आतां पडद्याचें छायाचित्रच निघतें. क्षणभर डोळे दिपतात, इतकेंच. बाहुली मोठी करण्याचे थेंब घातले तर कांहीं तास वाचतां येत नाहीं. म्हणून सोबतीस कोणी असावें.

चित्र घेण्यास नेत्रवैद्यच हवा असें नाहीं, ही गोष्ट लोणार-संग्रामपूरकडील खेड्यांना मोलाची आहे. मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत २०१८ सालीं मोबाइलच्या कॅमेऱ्यानें घेतलेलीं २१३ मधुमेहींचीं चित्रें संगणकाकडून तपासून घेतलीं. तज्ज्ञाकडे पाठविण्याजोगा एकही रोगी यंत्राकडून सुटला नाहीं. तसा विकार नसलेल्या शंभरांतील सुमारें ८८ जणांना त्यानें बरोबर ओळखलें. अर्थात् विकार असलेले त्यांत थोडेच होते, हेंही ध्यानांत ठेवावें.

वेळीं केलेल्या लेसर उपचारानें दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून अधिक घटतो, हें अमेरिकेंतील प्रयोगांत १९७६ सालीं दिसून आलें. मात्र गेलेली दृष्टि लेसर परत आणीत नाहीं.

प्रौढपणीं मधुमेह कळला कीं लगेच, व नंतर दरसाल पडदा तपासून घ्यावा. आधींच मधुमेह असलेल्या गर्भवतीनें तर पहिल्या तीन महिन्यांतच. जुनें चित्र घरीं जपून ठेवावें, पुढल्या वर्षीं तें तुलनेस लागतें.