चार रविवारांचा झाडा

कपाशीची वेचणी चालू आहे, तुरीच्या शेंगा भरत आल्या आहेत आणि हरभरा नुकताच मातीवर दिसू लागला आहे. अशा दिवसांत शेतकऱ्याला बसायला सवड नसते. तरीही वर्ष सरत आले की मन आपोआप मागे वळते. काय कमावले, काय गेले, कोण राहिले आणि कोण गेले, हे मनात येतच राहते.

आपल्या वऱ्हाडात वर्ष मोजण्याच्या तऱ्हा अनेक आहेत. दिवाळीच्या पाडव्याला दुकानदार नवी वही घालतो. गुढीपाडव्याला सालगड्याचे साल फिरते. अक्षय तृतीयेला शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाण्याचे भाकीत ऐकायला दूरदूरचे शेतकरी जमतात. यातली वही पैशाची असते, साल कामाचे असते आणि भाकीत पुढच्या वर्षाचे असते. मागच्या वर्षाचा, आणि तोही माणसांचा, झाडा घ्यायला आपण कधी एकत्र बसतो?

हा प्रश्न मला सुचला तो ३० नोव्हेंबर २०२५ रोजी, एका रविवारी. मी संग्रामपूर तालुक्यात कृषी विस्ताराचे काम करतो. पूर्णेपलीकडच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीने मला हरभऱ्यावरील मर रोग आणि खारे पाणी या विषयावर दोन शब्द बोलायला बोलावले होते. उपासना आटोपल्यावर आपले भाषण होईल, अशा समजुतीने मी वेळेच्या आधीच जाऊन मागच्या बाकावर बसलो. सांगायला गेलो होतो, पण शिकूनच परत आलो.

आगमनकाळ म्हणजे काय?

नाताळ सर्वांना माहीत आहे. पण नाताळाच्या आधीचे चार रविवार ख्रिस्ती लोक ‘आगमनकाळ’ म्हणून पाळतात, हे मला त्या दिवशी नीट समजले. त्यांचे धार्मिक वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही, ते आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होते. हा रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही येतो. पूर्वी हे दिवस उपवासाचे आणि पश्चात्तापाचे असत. पाहुणा यायचा म्हणजे आधी घर झाडून घ्यावे लागते, तसाच हा प्रकार.

वेदीजवळ हिरव्या डहाळ्यांचे एक कडे ठेवले होते आणि त्यात चार मेणबत्त्या होत्या. दर रविवारी एक वाढवायची. आशा, शांती, आनंद आणि प्रीती अशी चार रविवारांची नावे तिथल्या एका मुलीने मला सांगितली. या कड्याची गोष्ट आपल्याला जवळची वाटेल अशी आहे. १८३९ साली जर्मनीतल्या हँबुर्ग शहरात योहान विखर्न नावाचे पाळक गरीब मुलांसाठी आश्रम चालवीत होते. मुले रोज विचारीत, नाताळ कधी येणार? तेव्हा त्यांनी गाडीचे एक जुने लाकडी चाक घेतले आणि त्यावर रोजच्या लहान व रविवारच्या चार मोठ्या मेणबत्त्या लावल्या. दिवस मोजण्याची सोय झाली. म्हणजे या देखण्या रिवाजाच्या बुडाशीही गाडीचे चाकच आहे!

दुष्काळातून उभी राहिलेली माणसे

आपल्या भागातली ख्रिस्ती वस्ती फार मोठी नाही. पण तिची मुळे आपल्याच मातीतल्या दुःखात आहेत. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ आपल्या पणजोबांच्या पिढीने पाहिले. विहिरी आटल्या, ढोरे मेली, आईबाप गेले आणि पोरे रस्त्यावर आली. त्या काळात अमेरिकेतून आलेल्या अलायन्स मिशनने अकोल्याला मुलांसाठी आणि खामगावला मुलींसाठी अनाथालय चालवले. तिथे वाढलेल्या कित्येक मुलांनी पुढे सुतारकाम, शिक्षकी, परिचारिकेचे काम आणि शेती यांवर घरे उभी केली.

पंडिता रमाबाईंनीही १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात फिरून निराधार मुली व बायका आपल्याबरोबर नेल्या. पुणे जिल्ह्यात केडगावला त्यांनी जमीन घेतली, विहिरी खोदल्या, फळझाडे लावली आणि त्या मुलींच्या हाताला काम दिले. नुसते अन्न देऊन त्या थांबल्या नाहीत. मुली शेत, माग आणि छापखाना शिकल्या. विस्ताराच्या कामातल्या माणसाला यापेक्षा वेगळा धडा काय हवा?

विदर्भाशी आगमनकाळाचे आणखी एक नाते आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांनी एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन केली. तो दिवस आगमनकाळाचा पहिला रविवार होता. एकीची ही बोलणी १९२९ पासून चालू होती! भाऊबंदकीच्या बांधावरून दोन-दोन पिढ्या कोर्टात जाणाऱ्या आपल्या गावांनी हे लक्षात घ्यावे. चाळीस वर्षे लागली, पण बोलणी सोडली नाहीत आणि शेवटी वर्षाच्या पहिल्या दिवशी एका छताखाली बसले.

वसईकडचे ख्रिस्ती शेतकरी तर केळी, फुले आणि भाजीपाल्यासाठी नावाजलेले. त्यांच्यातलेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईच्या पाण्यासाठी आणि हिरवाईसाठी लढले, मराठीत लिहीत राहिले आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ साली ते गेले. जमीन व पाणी राखणे हेही धर्माचे काम आहे, हे त्यांनी आयुष्यभर सांगितले.

तीन प्रश्न

आता त्या रविवारकडे वळू. मंडळी लहानच. निवृत्त शिक्षक, एक नर्सबाई, एसटीतले एक चालक, दोन-तीन एकरांचे शेतकरी आणि बाकी मोलमजुरी करणारे. उपासना झाल्यावर पाळकसाहेब खाली येऊन सर्वांच्या मध्ये बसले. म्हणाले, “आता वर्षाचा झाडा. तीनच प्रश्न. या वर्षी आपल्याला काय मिळाले? आपले काय गेले? आणि जे करायला हवे होते ते काय राहून गेले?”

पहिल्या प्रश्नाला भराभर उत्तरे आली. एकीची मुलगी नर्सिंगला लागली. एकाच्या वडिलांचे डोळ्याचे ऑपरेशन नीट झाले. एकाची म्हैस व्याली. प्रत्येक उत्तरावर सगळे मान हलवीत होते. म्हैस लहान आणि नोकरी मोठी, असा भेद तिथे नव्हता.

दुसऱ्या प्रश्नाला आवाज खाली गेले. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरातल्या पावसाने सोयाबीन पाण्यात गेले. जे वाचले त्याचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरलेला, पण डागी माल म्हणून बाजारात त्याच्या जवळपासही कोणी बोलेना. कापसावरचे आयात शुल्क सरकारने १९ ऑगस्टपासून वर्षअखेरीपर्यंत उठवले, त्याचीही धास्ती बोलून दाखवली गेली. तीन घरे पुण्याला गेली आणि त्यांच्या दाराला कुलूप लागले.

मग एक बाई उठल्या. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस शेगाव तालुक्यातल्या काही गावांत तीन-चार दिवसांतच लोकांचे केस हातात येऊ लागले होते, ते वाचकांना आठवत असेल. या बाई त्यांपैकीच एका गावच्या. म्हणाल्या, “केस गेले ते आले परत. पन माहेरी गेली तं बहिनीनं फणी लपवून ठेवली. ते नाही जात मनातून.” कोणी काही बोलले नाही. शेजारच्या बाईने फक्त त्यांचा हात हातात घेतला.

तिसऱ्या प्रश्नाला बराच वेळ शांतता होती. शेवटी खांबाला टेकून बसलेल्या एका आजीबाई बोलल्या, “आपल्यातला तो पोरगा गेला, तवा मातीले समदे गेलो. जिता होता तवा कोनीच गेलं नाही.”

हा कर्जाने खचून जीव दिलेला तरुण शेतकरी होता, हे मला नंतर समजले. तो तीन महिने उपासनेला आला नव्हता. रागावला असेल, असे सगळ्यांना वाटले. विचारायला मात्र कोणी गेले नाही. पाळकसाहेब म्हणाले, “आजी, मीही गेलो नाही. माझे नाव पहिले लिहा.” आणि खरोखरच एका वहीत ते लिहिले गेले.

माझे नाव

यानंतर मला बोलायचे होते. हातात हरभऱ्याचे टिपण होते, पण तोंडून वेगळेच आले. मी त्यांना जे सांगितले ते येथे लिहितो, कारण तुमच्याशी खोटे वागून उपयोग नाही.

काही वर्षांपूर्वी खारपाणपट्ट्यातला तीन एकरांचा एक शेतकरी माझ्याकडे दोनदा आला होता. विहिरीच्या खाऱ्या पाण्याने त्याचे पीक जळाले होते. पहिल्या खेपेला मी त्याला अर्ज दिला. दुसऱ्या खेपेला “मुदत संपली, पुढच्या वर्षी पाहू,” असे म्हणालो. माझ्यापुढे कागदांचा ढीग होता. मी त्याला बसा म्हटले नाही, पाणीही विचारले नाही. त्या पावसाळ्यात त्याने जीवन संपवले. मी घरी गेलो तेव्हा त्याची बायको ओसरीत म्हणाली, “तुमचं नाव घेत होते. साहेब चांगले हायेत म्हनत.”

माझ्या त्या वर्षीच्या दैनंदिनीत भेटी आणि शिबिरे सगळी पुरी होती. त्या नोंदींत हा माणूस कोठेच नव्हता.

मी खाली मान घालून उभा राहिलो. कोणी समजूत घातली नाही आणि कोणी दोषही दिला नाही. एका मुलाने पाण्याचा तांब्या आणून दिला. थोड्या वेळाने मागून एक म्हातारबाबा म्हणाले, “साहेब, आता हरभऱ्याचं सांगा.” मग मी हरभऱ्याचे सांगितले.

आपण काय करावे?

वाचकहो, हा झाडा कोणत्याही धर्माच्या घराला घेता येईल. चार आठवडे, आणि दर आठवड्याला जेवणानंतरचा एक तास पुरे.

पहिला आठवडा पैशाचा. बियाणे, खत, फवारणी, मजुरी, उधारी हे सर्व एका वहीत लिहा. घरधनिणीला आणि मोठ्या मुलांना बरोबर बसवा. कर्जाचा आकडा घरात लपवू नका. एकट्याच्या डोक्यावर असलेला आकडा रोज वाढतो आणि चौघांत सांगितलेला निदान दिसतो तरी.

दुसरा आठवडा जमीन व पाण्याचा. पूर्णेच्या दोन्ही काठांवरच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी तपासल्याशिवाय ओलीत करू नये. हरभऱ्याला खारे पाणी सोसत नाही. करडई त्या मानाने तग धरते. जिप्सम टाकायचे ते माती परीक्षण पाहूनच, आणि निचऱ्याची सोय करूनच. नाहीतर पैसा मातीत जातो. पावसाचे गोडे पाणी शेततळ्यात धरता आले तर संरक्षित ओलितासाठी त्यासारखा आधार नाही. शेत मोकळे झाले की मातीचा नमुना घ्या. नागमोडी फिरून सात-आठ ठिकाणी वीतभर खोल खड्डा करून माती गोळा करा, मिसळा आणि अर्धा किलो पाठवा. बांधाजवळची, झाडाखालची आणि उकिरड्याजवळची माती घेऊ नका.

तिसरा आठवडा माणसांचा. घरात आणि शेजारी कोण गप्प झाले आहे? कोण जेवत नाही, झोपत नाही, पारावर येईनासे झाले आहे, उगाच सर्वांचा निरोप घेतल्यासारखे बोलते आहे? त्याच्याकडे जा. उपदेश करू नका, बसा आणि ऐका. गरज वाटली तर सरकारी टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन लावून द्या. तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येते. सरकारी दवाखान्यात त्याच्याबरोबर स्वतः जा.

चौथा आठवडा पुढच्या वर्षाचा. कोणाशी अबोला आहे तो मोडायचा, कोणते पीक कमी करायचे, कोणता खर्च टाळायचा हे ठरवा. फार नको. दोनच गोष्टी ठरवा आणि त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

परतताना सूर्य मावळत आला होता. एसटी पूर्णेच्या पुलावर आली तेव्हा मी खिशातली दैनंदिनी काढली. सोमवारच्या पानावर कार्यालयीन कामे लिहिलेली होती. त्यांच्या वर मी एका गावाचे नाव लिहिले. तिथला एक शेतकरी दोन महिन्यांपासून कोठे दिसला नव्हता.

सोमवारी सकाळी मी त्याच्याकडे गेलो. तो गोठ्यात होता. मला पाहून जरा चपापला आणि म्हणाला, “साहेब, काही अर्ज भरायचा आहे का?”

म्हटले, “नाही रे बाबा, चहा प्यायला आलो.”

मग आम्ही बसलो.