बाळाची झोळी आणि ते ४३ टक्के

मागच्या वर्षी ताईला मुलगा झाला. छत्तिसाव्या आठवड्यात, वजन २ किलो १०० ग्रॅम. दहा-बारा दिवसांनी तिचा फोन आला, "अगं, तू एवढी पीएचडी करतेस ना, मग मला एवढंच सांग, बाळाला अंगाशी बांधायची ती झोळी असते ती कुठली घेऊ? हातात धरून धरून पाठ मोडली माझी."

माझं संशोधन जमिनीतल्या ओलाव्यावर आहे. बाळांशी माझा संबंध मावशी होण्यापलीकडे नाही. तरी अर्ध्या तासात मी तिला उत्तर पाठवलं. ते चुकीचं होतं, आणि का चुकलं हे सांगण्यासाठीच ही पोस्ट. तुमच्यापैकी जे पेट किंवा नेटची तयारी करताय, ज्यांना लवकरच "साहित्याचा आढावा घ्या" असं गाईड सांगणार आहेत, त्यांनी माझ्या खर्चाने शिकून घ्या.

झालं असं. मी शोधलं, आणि पहिल्याच पानावर एक दणदणीत पेपर सापडला. मॉन्ट्रिअलच्या हुन्झिकर आणि बार यांचा, १९८६ सालचा, 'पीडियाट्रिक्स' या जर्नलमधला. रँडमाइज्ड ट्रायल, ९९ आई-बाळांच्या जोड्या. एका गटातल्या आयांना सांगितलं, बाळाला दिवसातून निदान तीन तास जास्तीचं अंगावर घ्या, नुसतं रडल्यावर नाही, एरवीही. दुसरा गट नियंत्रण गट. सहाव्या आठवड्यात, म्हणजे बाळं सगळ्यात जास्त रडतात त्या वयात, अंगावर घेतलेली बाळं ४३ टक्के कमी रडली. संध्याकाळी चार ते मध्यरात्र या वेळात तर ५१ टक्के कमी.

मी ॲब्स्ट्रॅक्ट वाचला, खूश झाले, आणि ताईला एका मऊ, खोल, पिशवीसारख्या झोळीची लिंक पाठवली. बाळ आत गोल होऊन निजतं, अगदी पोटात असल्यासारखं. "घे, सायन्स म्हणतंय," असंही लिहिलं वर. तिने लगेच ऑर्डर केली.

आता तो पेपर परत वाचू, यावेळी नीट.

आधी ४३ टक्के म्हणजे किती ते बघा. नियंत्रण गटातलं रडणं-कुरकुरणं दिवसाला २.१६ तास, दुसऱ्या गटात १.२३ तास. वजाबाकी ०.९३, म्हणजे सुमारे ५६ मिनिटं. रात्री जागणाऱ्या आईला ५६ मिनिटं म्हणजे चैनच आहे, मी हा आकडा लहान ठरवत नाहीये. पण टक्के दिसले की मूळ आकडे शोधायची सवय लावून घ्या. २० मिनिटांची ११ झाली तरी ४५ टक्के घटच होते.

मग मोजलं कोणी? आयांनी, डायरीत लिहून. कोण कुठल्या गटात आहे हे आईपासून लपवणं इथे शक्यच नाही. बाळ अंगावर आहे की नाही हे तिला कळणारच. तेव्हा "मी एवढं घेतेय म्हणजे कमी रडत असेल" हा भाव डायरीत उतरू शकतो. यात संशोधकांचा दोष नाही, प्रश्नाचा स्वभावच तसा आहे. पण वाचणाऱ्याने ते मनात ठेवायला हवं.

आणि त्यानंतर काय झालं? हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. पेपर मिळाला की तिथे थांबायचं नसतं, त्याच्या नंतर कोणी काय केलं हे बघायचं असतं. त्याच बार यांनी १९९१ मध्ये पोटशूळाची म्हणजे कॉलिकची तक्रार असलेल्या बाळांवर हाच उपाय करून पाहिला. बाळं खरोखर जास्त वेळ अंगावर होती, पण रडण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पुढे १९९५ मध्ये लंडनला सेंट जेम्स-रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी मोठ्या ट्रायलमध्ये तपासलं, तिथेही रडणं कमी झालं नाही. त्या पेपरच्या लेखकांमध्ये बार स्वतः आहेत. मला या माणसाबद्दल फार आदर वाटला. स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षाला टिकत नाही म्हणणाऱ्या पेपरवर आपलं नाव घालायला धैर्य लागतं. पण दुकानांच्या जाहिरातींत अजून १९८६च चालू आहे.

म्हणजे अंगावर घेणं निरुपयोगी आहे का? तसंही नाही. २०१३ मध्ये एस्पोसितो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आई बाळाला घेऊन चालायला लागली की बाळाचं रडणं थांबतं आणि हृदयाचे ठोके मंदावतात, नुसतं बसून धरल्यापेक्षा जास्त. (उंदराची पिल्लं मानगुटीला धरून उचलली की अशीच शांत होतात, तेही त्याच पेपरमध्ये आहे.) फक्त हा परिणाम त्या क्षणाचा आहे. आत्ता उचललं, आत्ता शांत झालं, एवढंच. दिवसभराचं रडणं कमी होईल का, हा प्रश्न वेगळा. आपल्या आज्यांना पहिली गोष्ट पेपरशिवाय माहीत होती.

१९९० चा आणखी एक पेपर तुम्हाला हमखास दिसेल, ॲनिसफेल्ड आणि सहकाऱ्यांचा, न्यूयॉर्कमधल्या कमी उत्पन्नाच्या घरांतल्या आयांवरचा. मऊ कॅरियर दिलेल्या २३ पैकी ८३ टक्के बाळांचं तेरा महिन्यांनी आईशी नातं 'सुरक्षित' गटात मोडलं, प्लास्टिकची बैठक दिलेल्या २६ पैकी ३८ टक्के. फरक मोठा, पण बाळं एकूण ४९. चार-पाच बाळं इकडची तिकडे झाली की टक्के धडाधड बदलतात. हे मी पेन घेऊन करून पाहिलं, तुम्हीही करा.

आता मुख्य चूक. हे सगळे पेपर फायदा मोजतात. त्या रात्री साडेनऊला मला सुचलं की धोका कोणी मोजलाय का ते मी पाहिलंच नाही. ९९ बाळांच्या ट्रायलमध्ये हजारोंत एखाद्या वेळी होणारी गोष्ट दिसणारच नाही. अशा गोष्टी ट्रायलमध्ये सापडत नाहीत, त्या अपघातांच्या नोंदींत सापडतात. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये इशारा दिला होता: आधीच्या वीस वर्षांत अशा झोळ्यांशी संबंधित निदान १४ मृत्यू, त्यातली १२ बाळं चार महिन्यांपेक्षा लहान. कमी वजनाची, वेळेआधी झालेली, जुळी आणि सर्दी झालेली बाळं यांच्याबाबत विशेष काळजी घ्या, असंही त्यात होतं.

मी ते वाचलं आणि हात गार पडले. कमी वजन, वेळेआधी, दोन आठवड्यांचं. आमचंच बाळ.

इथेही डोकं शाबूत ठेवायला हवं. १४ हा वरचा आकडा झाला, खालचा कुठाय? वीस वर्षांत किती बाळं किती तास झोळीत होती हे त्या इशाऱ्यात नाही, त्यामुळे धोक्याचा दर काढता येत नाही. पण दर नसला तरी कारण कळतं, आणि ते साधं यंत्रशास्त्र आहे. नवजात बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड, मान लुळी, श्वासनलिका मऊ. खोल पिशवीत ते इंग्रजी 'सी' सारखं वाकतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दाबली जाते. रडायलाही हवा लागते, त्यामुळे आवाज येत नाही. किंवा कापड नाकातोंडावर बसतं आणि मान वळवायची ताकद नसते. मग मिनिट-दोन मिनिटं पुरतात. पोटात असल्यासारखं गोल, हेच ज्या झोळीचं आकर्षण, तोच तिचा दोष. पोटातलं बाळ नाकाने श्वास घेत नसतं.

मी ताईला फोन केला. "ती पिशवी आली की उघडू नकोस, परत पाठव." ती वैतागली, "अगं दुपारी तूच म्हणालीस सायन्स म्हणतंय!" बरोबरच होतं तिचं.

मग निवडायची कशी? ब्रिटनमधले झोळीवाले लोक एक पाच कलमी नियम सांगतात, आणि तो वरच्या यंत्रशास्त्राशी जुळतो म्हणून मला पटतो. कापड घट्ट, बाळ आत घसरणार नाही इतकं. बाळाचा चेहरा सतत दिसला पाहिजे. मान खाली केली की त्याच्या डोक्याची पापी घेता आली पाहिजे, इतकं ते वर. हनुवटी आणि छाती यांत निदान एका बोटाची जागा. पाठीला आधार. म्हणजे बाळ आडवं नाही, उभं. दुकानात कापडाचा रंग बघण्याआधी एवढं बघा.

पायांचंही शास्त्र आहे. गुडघे ढुंगणापेक्षा वर, मांड्या फाकलेल्या आणि खालून आधार दिलेल्या, समोरून 'एम' दिसला पाहिजे. नवजात बाळाच्या खुब्याची वाटी अजून कूर्चेची असते, पाय सरळ जोडून बांधले तर खुब्याचा सांधा सरकू शकतो. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास पाय सरळ बांधू नका अशी देशभर मोहीम झाली, आणि खुबा निखळण्याचं १ टक्क्याहून जास्त असलेलं प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास आलं. आधी-नंतरची तुलना आहे, ट्रायल नाही, त्या काळात इतरही गोष्टी बदलल्या असतील. तरी घट इतकी मोठी की दुर्लक्ष करता येत नाही. आपल्याकडे दुपट्यात पाय सरळ करून करकचून बांधायची पद्धत आहे. आईशी माझा यावर वाद झाला. "तुम्हा दोघींना तसंच बांधलं, काय झालं?" दोन जणींचा सॅम्पल, आई, असं मी म्हणाले नाही. दुपटं कमरेखाली सैल ठेवायला ती तयार झाली, तेवढं पुष्कळ.

आरामाचं म्हणाल तर तो दोघांचा असतो. लांब कापड दोन्ही खांद्यांवर भार वाटतं, पण बांधायला शिकावं लागतं. कडीवाली झोळी झटकन होते, पण सगळं ओझं एका खांद्यावर. पट्ट्या-बकलवालं कॅरियर कमरेवर भार घेतं, मात्र सिझेरियन झालं असेल तर तो पट्टा टाक्यांवर बसतो का ते पाहा. शिवाय त्यावर किमान वजन लिहिलेलं असतं, आणि लहान बाळ त्यात बुडतं. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात जाड कापड नकोच, आईच्या अंगाचीही उष्णता असते. आणि झोळीत बाळ घेऊन गॅसपाशी उभं राहायचं नाही, स्कूटरवर तर मुळीच बसायचं नाही.

पण आमच्या बाळासाठी यातलं काहीच आधी नव्हतं. माझी पहिलीच पायरी चुकली होती: पेपरमधली बाळं कोण आणि माझं बाळ कोण? हुन्झिकर-बार यांची बाळं तीन आठवड्यांपुढची, निरोगी. आमच्यासारख्या बाळासाठी वेगळंच साहित्य आहे, कांगारू मदर केअरचं, जे १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटाला सुरू झालं. भारतासह पाच देशांत झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रायलमध्ये जन्मल्याबरोबर कांगारू केअर सुरू केलेल्या बाळांत २८ दिवसांतले मृत्यू १२ टक्के होते, प्रकृती स्थिरावल्यावर सुरू केलेल्यांत १५.७ टक्के. ती बाळं १ ते १.८ किलोची, आमचं २.१, म्हणजे तेही थेट लागू नाही. मात्र जागतिक आरोग्य संघटना वेळेआधी झालेल्या किंवा कमी वजनाच्या सगळ्याच बाळांसाठी कांगारू केअर सुचवते. विकतची झोळी आणि हे एकच नव्हे. इथे उघडं बाळ आईच्या उघड्या छातीवर उभं, डोकं एका बाजूला वळवलेलं, वरून कापडाचा पट्टा, आणि बांधायचं कसं ते नर्स हाताला धरून शिकवते.

ताई दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे गेली. त्यांनी तिथल्या सिस्टरना बोलावून पट्टा बांधून दाखवला, आणि वजन साडेतीन किलोच्या वर जाऊ दे, मग झोळीचं बोलू म्हणाले. अडीच महिन्यांनी तिने सुती कापडाची कडीवाली झोळी घेतली. उजवा खांदा दुखतो म्हणून आता दर वेळी बाजू बदलते.