पासबुकावरचा आयएफएससी परदेशात का चालत नाही? समजून घ्या 'स्विफ्ट कोड'

अकोला : मुलगा दुबईत नोकरीला, घर जुने शहरात आणि खाते घराजवळच्या शाखेत. पहिल्यांदा पैसे पाठवायची वेळ आली की तिकडून फोन येतो, 'बाबा, स्विफ्ट कोड पाठवा.' बाबा पासबुकाचा फोटो पाठवतात. त्यावर बहुधा आयएफएससी तेवढा असतो.

आयएफएससी एनईएफटी, आरटीजीएससाठी, म्हणजे देशातल्या देशात. परदेशी बँक मागते तो स्विफ्ट कोड, म्हणजेच बीआयसी. तो ८ किंवा ११ अक्षरांचा असतो. स्टेट बँकेचा पाहा : 'एसबीआयएन' ही बँक, 'आयएन' म्हणजे भारत, 'बीबी' हे ठिकाण. पुढची ३ अक्षरे शाखेची. तिथे तीन 'एक्स' असतील तर मुख्य कार्यालय. आयएफएससीही ११ अक्षरांचाच, म्हणून गल्लत होते. खूण सोपी आहे : आयएफएससीत पाचव्या जागी शून्य असतो, स्विफ्टमध्ये तिथून देशाची दोन अक्षरे सुरू होतात.

शाखेला कोडच नसेल तर?

घाबरायचे कारण नाही. बहुतेक शाखांना स्वतःचा स्विफ्ट कोड नसतोच. बँकेच्या मुख्य कार्यालयाचा किंवा परकीय चलन हाताळणाऱ्या शाखेचा कोड चालतो. पुढे खाते क्रमांकावरून पैसे जमा होतात. त्यामुळे खरी काळजी खाते क्रमांकाची आणि नावाच्या स्पेलिंगची घ्यावी. अनेक सहकारी बँकांचे पैसे दुसऱ्या बँकेमार्फत येतात. तिथे तपशील बँकेकडूनच लेखी घ्यावा, गुगलवरून उचलू नये.

गंमत म्हणजे स्विफ्ट पैसे नेतच नाही. १९७३ मध्ये बेल्जियममध्ये स्थापन झालेली ही संस्था बँकांचे निरोप पोहोचवते. निरोप खोटा असला तर काय होते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. १३ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून बनावट स्विफ्ट संदेशांद्वारे सुमारे १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळवण्यात आले.

ग्राहकाने मात्र कोड द्यायला कचरू नये. तो गुप्त नसतो. पैसे घेण्यासाठी ओटीपी किंवा पिन लागत नाही. कुणी मागितलाच, तर फोन ठेवावा.

रक्कम कमी आली तर? वाटेतल्या बँका शुल्क कापतात. पूर्ण रक्कम हवी असल्यास पाठवताना 'ओयूआर' पर्याय निवडायला सांगावे. मग शुल्क पाठवणाराच भरतो. कुटुंबखर्चासाठीच्या पैशांचा पर्पज कोड 'पी१३०१' आहे. बँकेने विचारल्यास तो सांगावा.