बदामाच्या जागी पिशवी

इन्स्टाग्रामच्या पडद्याच्या तळाशी पाच चिन्हांची एक पट्टी असते. २०२० सालापर्यंत तिचा क्रम ठरलेला होता : घर, भिंग, मधोमध अधिकचे चिन्ह, मग पत्त्यांतला असतो तसा बदाम आणि शेवटी स्वतःचे पान. बदामावर बोट टेकवले की आपल्या फोटोला कोणी दाद दिली, कोणी काय लिहिले, नव्याने कोण जोडले गेले ते कळायचे. १२ नोव्हेंबर २०२० रोजी कंपनीने नवी रचना जाहीर केली. मधल्या अधिकच्या जागी रील्स आले आणि बदामाच्या जागी खरेदीची पिशवी. अधिक आणि बदाम दोघांची रवानगी वरच्या उजव्या कोपऱ्यात झाली.

मी पुण्यात ॲपचे पडदे आखण्याचे काम करते. आमच्या व्यवसायात या बदलाची चर्चा बरेच दिवस चालली. पुढे साधारण दीड वर्षाने मी स्वतःच्या हाताने एका लहानशा ॲपमध्ये हुबेहूब तोच बदल केला, आणि तो फसला. तो का फसला हे शोधताना जे हाती लागले ते इथे मांडते आहे. माणसांनी एकमेकांना भेटण्याची जागा आणि खरेदीची जागा एकाच पडद्यावर बसवायची असेल तर नेमके काय बिघडते, हा माझा प्रश्न आहे.

आधी अंगठ्याविषयी. लोक फोन कसा धरतात हे पाहण्यासाठी स्टीव्हन हूबर या अमेरिकी अभ्यासकाने रस्त्यांवर, थांब्यांवर, कॅफेंत लोकांचे निरीक्षण केले आणि २०१३ मध्ये ते प्रसिद्ध केले. एकूण १,३३३ नोंदी होत्या. प्रत्यक्ष स्क्रीनला हात लावणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोक फोन एकाच हातात धरून अंगठ्याने चालवत होते. एका हाताने फोन धरला की अंगठा तळाच्या पट्टीवर सहज पोहोचतो आणि वरच्या कोपऱ्याकडे जायला पकड बदलावी लागते. वाचकांनी आपापला फोन हातात घेऊन पाहावे. म्हणून तळाची पट्टी ही ॲपमधली सर्वांत महाग जागा. तिथे पाचच्या वर चिन्हे सहसा मावत नाहीत. नवे आत घ्यायचे तर जुने बाहेर काढावे लागते.

त्यात सवयीचा भाग वेगळाच. रोज एकाच ठिकाणी असलेल्या चिन्हाकडे आपण बघतही नाही, अंगठा आपोआप जातो. अंधारात उठून पाणी प्यायला जाताना आपण माठ शोधत नाही, तसेच. इन्स्टाग्रामने बदाम हलवला तेव्हा कोट्यवधी अंगठ्यांची ही सवय जागच्या जागी राहिली होती. फक्त तिच्याखाली आता पिशवी होती. सवय माणसाची, जागा कंपनीची.

कंपनीची बाजूही समजून घ्यायला हवी. केव्हिन सिस्ट्रॉम आणि माइक क्रीगर यांनी ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू केलेले हे ॲप फेसबुकने २०१२ साली एक अब्ज डॉलरला घ्यायचे ठरवले. उत्पन्न जाहिरातींचे. जाहिरात पाहून माणूस दुसऱ्या संकेतस्थळावर जातो आणि तिथे खरेदी करतो. त्याने खरेच खरेदी केली का, हे कळण्यासाठी त्याच्या मागावर राहावे लागते. २०२० च्या उन्हाळ्यात ॲपलने हा माग काढण्यावर परवानगीचे बंधन येणार असे जाहीर केले आणि एप्रिल २०२१ मध्ये ते अमलात आणले. या बंधनामुळे २०२२ सालात सुमारे दहा अब्ज डॉलरचा फटका बसेल, असे पुढे फेसबुकच्याच मालक कंपनीने, म्हणजे मेटाने, सांगितले. खरेदी आपल्याच छपराखाली झाली तर माग काढायची गरजच उरत नाही. पिशवीमागचे हे एक गणित. रील्समागचे दुसरे कारण टिकटॉक. २९ जून २०२० रोजी भारताने टिकटॉकवर बंदी घातली, त्यानंतर काही दिवसांतच रील्स भारतात आले, आणि रील्सला तळाच्या पट्टीत स्वतंत्र जागा देण्याचा प्रयोगही त्याच सप्टेंबरात सर्वांत आधी भारतातच झाला. आपण प्रयोगशाळा आहोत हे आपल्याला सहसा कोणी सांगत नाही.

निकाल काय लागला? २०२३ च्या फेब्रुवारीत पिशवी पट्टीतून काढून टाकण्यात आली. अधिकचे चिन्ह पुन्हा मधोमध आले. मार्चमध्ये थेट प्रक्षेपणात वस्तू दाखवून विकण्याची सोयही बंद झाली. सव्वादोन वर्षे जगातल्या सर्वांत महाग जागेवर बसूनही दुकान तिथे टिकले नाही.

आता माझी गोष्ट. मी ज्या कंपनीत होते तिचे ॲप गृहनिर्माण सोसायट्यांसाठी होते. पाणी कधी येणार, प्लंबरचा नंबर, गणपतीची वर्गणी, हरवलेले मांजर असा सगळा मजकूर. पट्टीत चौथ्या जागी घंटा होती. आपल्या प्रश्नाला कोणी उत्तर दिले की तिच्यावर लाल ठिपका उमटायचा. बैठकीत वरिष्ठ म्हणाले, "लोक सारखी घंटाच दाबतात. त्या जागेचा काही उपयोग करून घ्या." मी घंटा वर नेली आणि चौथ्या जागी पिशवी काढली. छान काढली होती, दोन बंदांची, कापडी दिसेल अशी.

पहिल्या पंधरवड्यात दुकानाच्या पानावरची वर्दळ एकदम वाढली. कार्यालयात पेढे वाटले गेले. नंतर मी सहज बारकाईने आकडे पाहिले, तर बहुतेक लोक त्या पानावर क्षणभर थांबून परत फिरत होते. ते दुकानात आलेच नव्हते. ते घंटा शोधत होते आणि दार चुकत होते. आम्ही त्या चुकण्याला गिऱ्हाईक म्हणत होतो. महिन्याभरात दुसरी गोष्ट दिसली : लोकांचे प्रश्न विचारणे कमी झाले. आपल्याला उत्तर आले आहे हेच कळले नाही, तर माणूस दुसऱ्यांदा विचारायला कचरतो.

तक्रारींच्या यादीत एका निवृत्त शिक्षकांची नोंद होती. डोळ्यात इंजेक्शन घ्यायला जायचे आहे, सोबत कोणी येऊ शकेल का, असे त्यांनी सोसायटीच्या पानावर विचारले होते. तिघा शेजाऱ्यांनी "येतो काका" असे लिहिले होते. काकांना ते दिसले नाही. ते रिक्षाने एकटे जाऊन आले, आणि आमच्या माणसाला फोनवर एवढेच म्हणाले की या सोसायटीत कोणी कोणाला विचारत नाही. ती नोंद मी आजवर किती वेळा वाचली असेन कोण जाणे. कोणी विचारत नव्हते असे नव्हते. मी घंटा हलवली होती.

लोकांना एकमेकांकडून खरेदी करायचीच नाही, असा यावरून निष्कर्ष काढला तर तो मात्र चुकीचा ठरेल. माझी मामेबहीण डोंबिवलीत घरून साड्या विकते. गुळेदगुड्डच्या खणाच्या साड्या, थोड्या इरकली, सणाला पैठणी. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी मी दोन दुपारी तिच्याशेजारी वही घेऊन बसले. ती इन्स्टाग्रामवर साडीचा व्हिडिओ टाकते. खाली लोक लिहितात, "किंमत?" ती लिहिते, "मेसेज केलाय ताई." पुढचे सगळे खासगी संदेशांत, आणि थोड्या वेळाने व्हॉट्सॲपवर. दिवसाच्या उजेडातला फोटो पाठवा ना. काठ हाताला टोचतो का? ब्लाउजपीस जोडून आहे की वेगळा? सासूबाईंना दाखवून सांगते. मग यूपीआयने पैसे, त्याचा स्क्रीनशॉट, पत्ता, आणि तिच्या दोनशे पानी वहीत एक ओळ. त्या ओळीत साडीच्या रंगाबरोबर "मुलीचे बाळंतपण, पुढच्या महिन्यात विचारणे" असेही असते. तिला विचारले, इन्स्टाग्रामवरचे दुकानाचे पान कधी वापरलेस का? म्हणाली, "तिथे कोण बोलणार माझ्याशी?"

इथे गाठ सुटायला लागते. पिशवीचे चिन्ह वस्तू आणि माणूस यांना वेगळे करते. चौकटीत साडी दिसते, विकणारी दिसत नाही. वस्तू तशी पाहायची तर त्यासाठी मोठी दुकाने आहेतच, आणि तिथे परत करण्याची सोयही चांगली आहे. समाजमाध्यमावर माणूस विकत घेतो ते विकणाऱ्याशी बोलता येते म्हणून. २०१५ साली बंगळुरूत सुरू झालेल्या मीशोचा पहिला जोर यावरच होता : गावोगावच्या गृहिणींनी फोटो व्हॉट्सॲपवर ओळखीच्यांना पाठवायचे, वर आपला नफा लावायचा. २०१९ मध्ये फेसबुकने भारतातली आपली पहिली गुंतवणूक केली ती याच कंपनीत. पुढे मीशो थेट ग्राहकाला विकू लागली आणि मधली गृहिणी मागे पडत गेली. धंद्याच्या दृष्टीने ते बरोबरही असेल, पण मग ते ॲप इतर दुकानांसारखेच एक दुकान झाले.

चीनमधल्या वीचॅटकडे पाहिले की हा मुद्दा उलट बाजूने दिसतो. पैसे देणे, वीजबिल, रिक्षा, खरेदी, सगळे तिथे एका ॲपमध्ये आहे. तरीही त्याच्या तळाच्या पट्टीत चारच जागा आहेत : गप्पा, ओळखीची माणसे, शोध आणि मी. दुकान पट्टीत नाही. ते आत, एक दोन पावले चालून गेल्यावर लागते. २०१४ च्या चिनी नववर्षाला त्यांनी लाल पाकिटाची सोय आणली. गप्पांच्या गटात आहेराचे पाकीट टाकायचे आणि नातलगांनी ते उघडायचे. पैशांचा व्यवहार लोकांच्या हातात बसला तो अशा आहेरातून. व्यवहार गप्पांच्या पोटात शिरला, गप्पांना हटवून नव्हे. वीचॅटचे सगळेच अनुकरणीय आहे असे मी म्हणत नाही. तिथल्या संभाषणांवर सरकारची नजर असते ही साधी गोष्ट नाही.

शिवाय माझ्या बहिणीच्या पद्धतीचेही फार गोडवे गाऊ नयेत. पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट तिला दोनदा आला आहे. तिचेच व्हिडिओ उचलून दुसऱ्या नावाने कोणीतरी विक्री केली, आणि साडी न मिळालेल्या बाईने राग काढला तो हिच्यावर. ई-कॉमर्ससाठी २०२० साली ग्राहक संरक्षणाचे नियम झाले, त्यात तक्रार निवारण अधिकारी, परताव्याची माहिती वगैरे बंधने आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲपमधल्या तेरा प्रकारच्या फसव्या रचनांची यादी काढून त्यांना मनाई केली. जाहिरात असून तसे न सांगणे हा त्यातला एक प्रकार. यादी चांगली आहे. पण गप्पांमधून चालणाऱ्या खरेदीत बिल नाही, पोच नाही, आणि तक्रार करायची तर नेमकी कोणाकडे हेही स्पष्ट नाही. आणि अंगठ्याची सवय वापरून घेणे हा गुन्हा त्या तेरांत तरी मला सापडला नाही.

गंमत अशी की मित्रमंडळींची देवाणघेवाणही आता त्याच ठिकाणी पोहोचली आहे. लोक मुख्य फीडपेक्षा स्टोरीज आणि खासगी संदेशांतून एकमेकांशी जास्त बोलतात, हे इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनीही वेळोवेळी सांगितले आहे. जुलै २०२२ मध्ये पूर्ण पडदाभर अनोळखी व्हिडिओ दाखवणाऱ्या रचनेवर लोक भडकले, तेव्हा कंपनीला काही दिवसांत माघार घ्यावी लागली होती. म्हणजे संबंध संदेशांच्या पेटीत आणि आपल्याकडची खरेदीही त्याच पेटीत. मात्र पट्टीवरच्या जागांची भांडणे वर्षानुवर्षे पिशवी आणि व्हिडिओ यांच्यातच चालली.

आमच्या ॲपची पुनर्रचना करायला मला सहा महिन्यांनी परवानगी मिळाली, तीही आकडे पडल्यावर. घंटा चौथ्या जागी परत आणली. पिशवी काढली. त्याऐवजी सोसायटीतल्या कोणाला काही विकायचे असेल तर त्याने नेहमीसारखे लिहायचे, फक्त वर "विक्री" अशी पट्टी आणि खाली किंमत लिहिणे सक्तीचे. "मेसेज केलाय ताई"ची गरज निदान तिथे संपली. विचारपूस गप्पांतच होईल, पण पैसे दिले की दोघांनाही दिसणारी एक पावती त्याच गप्पांत उमटेल. घंटेत विक्रीचे काही येणार नाही. तिथे फक्त माणसांची उत्तरे. हा शेवटचा मुद्दा मंजूर करून घ्यायला तीन बैठका लागल्या, कारण घंटेवरचा लाल ठिपका ही विकायला फार सोपी गोष्ट आहे.

विक्री थोडी वाढली, पेढ्यांइतकी नाही. लाडू, चकल्या, जुनी सायकल, एकदा चक्क हार्मोनियम. प्रश्न विचारणे हळूहळू पूर्ववत झाले. काकांच्या खात्यावरून मात्र त्यानंतर काही लिहिले गेले नाही. मी त्यांना फोन करून घंटा कुठे आहे ते सांगितले. ते म्हणाले, "असू दे हो, आता मुलीकडे राहायला आलोय."