सीडी वाचत नाही, म्हणजे नेमके काय होत नाही?

सन १९९३-९४च्या सुमाराचा घरगुती संगणक, त्यात सीडी-रॉम ड्राइव्ह. सीडी आत जाते, ड्राइव्ह थोडा वेळ कुरकुरते आणि पडद्यावर संदेश उमटतो : 'सीडीआर १०१ : नॉट रेडी रीडिंग ड्राइव्ह डी'. जुने संगणक जपणाऱ्या हौशी मंडळींत यावरचे निदान जवळपास ठरलेले असते : लेसर 'वीक' झाला. उपायही ठरलेला : ड्राइव्ह उघडा, पिकअपवरचा (लेसर आणि भिंग वाहणाऱ्या भागावरचा) इवलासा प्रीसेट, म्हणजे फिरवता येणारा रोध, स्क्रूड्रायव्हरने किंचित फिरवा आणि लेसरची ताकद वाढवा. कधी कधी सीडी खरेच चालू लागते, त्यामुळे निदान बरोबर होते असाही समज पक्का होतो. तो समज बहुतेक वेळा चुकीचा असतो. लेसर म्हातारा होतो हे खरे, पण तो संशयितांच्या यादीत शेवटचा असायला हवा. आणि त्याच्या आधीचे संशयित कोण, हे ड्राइव्ह स्वतःच आपल्या वागण्यातून सांगत असते.

आधी संगणकाचे म्हणणे ऐकावे, कारण सगळे संदेश एकाच अर्थाचे नसतात. डॉसच्या काळात ड्राइव्ह वापरायला दोन गोष्टी लागत : 'कॉन्फिग डॉट सिस' फाइलमधून चढणारा त्या ड्राइव्हचा ड्रायव्हर आणि त्यानंतर चालणारा मायक्रोसॉफ्टचा 'एमएससीडीईएक्स'. संगणक सुरू होतानाच ड्रायव्हर 'नो ड्राइव्ह्ज फाउंड' म्हणत असेल, तर ड्राइव्ह आणि संगणक यांची गाठच पडलेली नाही. लेसरला त्यात काही भूमिकाच नाही. दोष केबलमध्ये, मास्टर-स्लेव्हच्या जंपरमध्ये किंवा चुकीच्या जोडणीत असतो. त्या काळातली एक फसवी गोष्ट इथे सांगायला हवी. आयडीईची जोडणी सर्रास होण्यापूर्वी पॅनासॉनिक, मित्सुमी, सोनी यांची आपापली जोडणी असे आणि ती बऱ्याचदा साउंड कार्डावर असे. साउंड ब्लास्टर १६च्या 'मल्टिसीडी' कार्डावर तर तिन्हींची सोय होती. पॅनासॉनिकची ४० पिनांची जोडणी दिसायला हुबेहूब आयडीईसारखी, पण विजेच्या भाषेत पूर्ण वेगळी. अशी ड्राइव्ह आयडीईला लावली, तर ती कितीही धडधाकट असली तरी सापडणार नाही. याउलट 'सीडीआर १०३' हा संदेश आला, तर डॉसला सीडीवर ओळखीची हाय सिएरा किंवा आयएसओ ९६६० पद्धतीची मांडणी मिळालेली नाही. तिथेही पहिला प्रश्न सीडीबद्दल विचारावा : ती मुळात कोणत्या पद्धतीने लिहिली आहे?

संगणकाला बाजूला सारण्याची आणखी सोपी वाट त्या काळच्या ड्राइव्हच्या तोंडावरच होती आणि आता आपण ती विसरलो आहोत. हेडफोनची खाच, आवाजाचे चाक आणि अनेकदा प्लेचे बटणसुद्धा. फक्त विजेची जोडणी द्यावी, गाण्यांची छापील सीडी घालावी आणि बटण दाबावे. गाणे ऐकू आले, तर लेसर, भिंग, मोटर आणि त्यांना ताब्यात ठेवणारी यंत्रणा हे सारे काम करते आहे हे एका मिनिटात कळते, आणि संशय केबल-ड्रायव्हरकडे वळतो. यावर एक रास्त शंका निघेल. गाणे वाजणे आणि डेटा वाचणे यांत फरक आहे : गाण्यातला हरवलेला तुकडा यंत्र शेजारच्या आवाजावरून अंदाजाने भरून काढते, कानाला पत्ता लागत नाही. डेटात असा अंदाज चालत नाही. म्हणूनच सीडी-रॉमच्या २३५२ बाइटांच्या एका सेक्टरमध्ये माहितीला २०४८ बाइटच मिळतात; उरलेल्यातले २७६ बाइट निव्वळ चुका दुरुस्त करण्यासाठी राखून ठेवलेले असतात. तेव्हा गाणे वाजले म्हणून ड्राइव्ह शंभर टक्के ठीक आहे असे म्हणता येत नाही. पण मेलेल्या लेसरने गाणे वाजत नाही, एवढे नक्की म्हणता येते.

गाणेही वाजत नसेल, तर मग आत डोकवावे. आत काय चालते याची कल्पना आकड्यांवरून येते. सीडीवरच्या माहितीच्या वाटेचे शेजारचे दोन फेरे एकमेकांपासून १.६ मायक्रॉनवर असतात. वाटेवरचे खळगे जेमतेम अर्धा मायक्रॉन रुंद. फिरताना सीडी वरखाली अर्धा मिलिमीटरपर्यंत डोलू शकते, आणि भिंगाला मात्र फोकस साधारण दोन मायक्रॉनच्या आत धरून ठेवावा लागतो. म्हणजे बारीक तारांवर किंवा बिजागरीवर टांगलेले ते भिंग सतत हलत, सीडीच्या डोलण्याचा पाठलाग करत असते. हे एकदम साधत नाही; ठरलेल्या क्रमाने साधते. ट्रे बंद झाला की पिकअप आतल्या कडेला जाऊन थांबतो. लेसर लागतो. भिंग दोन-तीनदा वरखाली होऊन परतणारा प्रकाश शोधते. तो सापडला, फोकस जुळला, की मगच बहुतेक ड्राइव्हमध्ये सीडी फिरवणारी मोटर वेग घेते. मग वाट पकडली जाते आणि सर्वांत आतल्या भागात लिहिलेली अनुक्रमणिका वाचली जाते.

हा क्रम ठाऊक असला की लक्षणांना अर्थ येतो. सीडी अजिबात फिरत नाही म्हणून मोटर जळाली असे मानणारे पुष्कळ. प्रत्यक्षात बहुधा मोटरला हुकूमच मिळालेला नसतो, कारण ड्राइव्हच्या लेखी आत सीडीच नाही. बिघाड फोकसच्या पायरीवर आहे. भिंग वरखाली होतच नसेल, तर पिकअपची पट्टीसारखी केबल किंवा तिच्यामागचे सर्किट पाहावे. सीडी फिरून थांबते, पुन्हा फिरते, तेव्हा फोकस जुळला आहे, पण वाट पकडता येत नाही किंवा अनुक्रमणिका वाचता येत नाही. आणि अनुक्रमणिका दिसते, सुरुवातीच्या फायली उघडतात, पण पुढच्या फायलींवर ड्राइव्ह अडते, हे लक्षण मला सर्वांत बोलके वाटते. सीडी आतून बाहेर लिहिली जाते. भिंग स्वतः थोडेसेच बाजूला झुकू शकते. त्यापुढे सगळा पिकअप दांड्यांवरून सरकावा लागतो. तीस वर्षांत त्या दांड्यांवरचे ग्रीस मेणासारखे घट्ट झालेले असते. पिकअप अडखळतो, वाट चुकते, ड्राइव्ह पुन्हा प्रयत्न करते आणि शेवटी हार मानते. लेसर कमजोर असता, तर आतल्या भागावरही तो अडखळलाच असता. इथे औषध एकच : जुने ग्रीस पुसून काढून प्लॅस्टिकला चालेल असे नवे अगदी थोडे लावणे. शिलाई मशिनचे तेल मात्र नको; ते पसरते आणि भिंगापर्यंत पोहोचते.

ट्रे उघडत नाही ही तक्रार बहुधा सैल पडलेल्या रबरी बेल्टची असते, तिच्यावर अधिक शब्द खर्चायला नकोत. कपॅसिटरचे तसे नाही. १९९०च्या आसपासचे पृष्ठभागावर डाखलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. कमोडोरच्या सीडीटीव्ही आणि अमिगा सीडी३२ या यंत्रांचे मालक हे चांगलेच ओळखून आहेत. गळलेला द्रव तांब्याच्या रेषा खातो, आणि मुंबई-कोकण-गोव्याच्या दमट हवेत गंजाला वेगळे आमंत्रण लागत नाही. सुकलेल्या कपॅसिटरची एक ओळख आहे : यंत्र थंड असताना सीडी वाचली जात नाही, अर्धा तास चालू ठेवल्यावर वाचली जाते. उष्णतेने कपॅसिटरचा अंतर्गत रोध कमी होतो, एवढेच त्यामागचे कारण.

आता मूळ आक्षेपाकडे. प्रीसेट फिरवल्यावर ड्राइव्ह चालू लागते, मग लेसर कमजोर होता हे सिद्ध झाले नाही का? नाही झाले. लेसरच्या डब्यातच त्याच्या पाठीशी एक छोटा प्रकाशसंवेदक बसवलेला असतो. लेसर वयाने मंदावला, तर हा संवेदक ते ओळखतो आणि सर्किट आपोआप जास्त प्रवाह देऊन प्रकाश पूर्वीइतकाच ठेवते. म्हणजे म्हातारपणाची भरपाई बराच काळ ड्राइव्ह स्वतःच करत असते. या संवेदकाला दिसत नाही ती भिंगावरची धूळ, धुराचा थर, भिंगाखालच्या आरशावरची पुसट साय. सीडीच्या पृष्ठभागावर लेसरचा झोत जवळजवळ ०.८ मिलिमीटर रुंद असतो आणि १.२ मिलिमीटर जाडीतून जाऊन तो माहितीच्या थरावर पावणेदोन मायक्रॉनच्या आसपास एकवटतो; त्यामुळे सीडीवरचा एखादा कण त्याला फारसा आडवा येत नाही. भिंगावरचा थर मात्र सगळ्याच प्रकाशाला अडवतो, तोही दोनदा : जाताना आणि परतताना. डोळ्यांना जेमतेम जाणवेल असा थर २० टक्के प्रकाश अडवत असेल, तर परत पोहोचतो ६४ टक्केच. प्रीसेट फिरवून लेसर वाढवला, की ही तूट भरून निघते आणि ड्राइव्ह चालते. कारण न शोधता औषधाची मात्रा वाढवण्याचाच हा प्रकार, आणि त्याची किंमतही तशीच मोजावी लागते. लेसर डायोडच्या आरशासारख्या टोकावर प्रकाशाची घनता प्रचंड असते. मर्यादा ओलांडली की ते टोक कायमचे जळते. सावकाश थकणारा डायोड काही महिन्यांत निकामी होतो, आणि त्या काळच्या ड्राइव्हचे बहुतेक पिकअप आता कारखान्यातून येत नाहीत.

म्हणून आधी कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही थेंबभर, आणि दाब अजिबात नाही. अ‍ॅसिटोन नको, प्लॅस्टिकचे भिंग त्याने विरघळते. आणि चालू लेसर पाहायला उघड्या ड्राइव्हमध्ये डोळा घालू नये; ७८० नॅनोमीटरचा तो प्रकाश जवळपास अदृश्य असतो, निरुपद्रवी नसतो. चाचणीची सीडी छापील असावी, घरी लिहिलेली नको. पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू तर साधारण १५ ते २५ टक्केच प्रकाश परतवते, छापील सीडी ७० टक्क्यांवर. १९९३ची ड्राइव्ह ती वाचत नसेल, तर त्यात बिघाड नाही, ती तशीच घडवलेली आहे. एवढे करूनही सिग्नल क्षीण असेल, तर लेसरचा प्रवाह मोजावा. सोनीच्या अनेक पिकअपवर चिकटपट्टीवर मूळ प्रवाहाचा आकडा छापलेला असतो. मोजलेला प्रवाह त्याच्या आसपास असेल, तर लेसर तरुण आहे, दोष अन्यत्र शोधा. प्रवाह आकड्याच्या बराच वर गेला असेल, तरच 'वीक' हा शब्द पुराव्यानिशी वापरता येतो.

एवढा खटाटोप कशाला, नवी ड्राइव्ह बसवा किंवा सीडीची प्रतिमा मेमरी कार्डावर ठेवून ड्राइव्हचे सोंग घेणारे उपकरण लावा, असे कोणी म्हणेल. रोजच्या वापरासाठी हा सल्ला चांगलाच आहे, आणि जुन्या सीडींच्या प्रतिमा तर ड्राइव्ह धड असो वा नसो, आजच काढून ठेवाव्यात. पण बदली दिसते तितकी सरळ नसते. 'क्वेक'सारख्या १९९६च्या खेळाच्या सीडीवर पहिला ट्रॅक डेटाचा आणि पुढचे संगीताचे. ते संगीत ड्राइव्ह स्वतः वाजवते आणि चार तारांच्या केबलने साउंड कार्डाकडे पाठवते. ती केबल नसेल किंवा नव्या ड्राइव्हला तिची खाचच नसेल, तर खेळ चालतो, पण संगीताविना. पॅनासॉनिक-मित्सुमीच्या जोडणीसाठी तर दुकानात नवी ड्राइव्ह मिळणारच नाही. शिवाय या ड्राइव्ह नष्ट होण्यामागे वयाबरोबरच घाईघाईच्या दुरुस्तीचाही हात आहे.

एवढे तपासूनही प्रीसेटला हात लावायची वेळ आलीच, तर वीज बंद करून त्याचा रोध मल्टिमीटरने मोजा, आकडा कागदावर लिहून ड्राइव्हच्या पत्र्याला आतून चिकटवा आणि प्रीसेटच्या मूळ जागेवर बारीक मार्करने खूण करा. ती खूण नसेल, तर पुढच्या दुरुस्त करणाऱ्याला कारखान्याची मूळ जागा पुन्हा सापडण्याचा सोपा मार्ग उरत नाही.