दाखल्यावर न दिसणारी भूक

'भूकबळी' हा शब्द वर्तमानपत्रात छापून आला की दोन-चार दिवसांत त्यावर खुलासा येतो. मूल भुकेने नव्हे, आजाराने दगावले. कागदोपत्री न्यूमोनियाची किंवा अतिसाराची नोंद आहे. वाचक गोंधळतो. खरे काय, बातमी की खुलासा? वैद्यकीय दृष्टीने पाहिले तर पुष्कळदा दोन्ही खरे असतात आणि खरी गोम तेथेच आहे. आज तिचाच विचार करू.

उपाशी शरीरात काय घडते?

दोन जेवणांच्या मधल्या वेळेसाठी यकृतात साखरेचा साठा असतो. तो साधारण एका दिवसात संपतो. मग शरीर चरबी जाळू लागते. पाणी मिळत राहिले तर धडधाकट प्रौढ माणूस त्यावर काही आठवडे तग धरतो. मात्र चरबीबरोबर स्नायूही झिजतात. हातापायांचे झिजतात तसे श्वासाचे आणि हृदयाचेही झिजतात. नाडी मंदावते, अंग गार पडते, आतड्याचे अस्तर पातळ होते आणि रोगजंतूंशी लढण्याची ताकद ओसरते.

अन्न पूर्णपणे तुटणे ही क्वचित घडणारी गोष्ट. आपल्याकडे नेहमी आढळते ती अर्धपोटी भूक. १९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथे डॉ. अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून त्यांचा अभ्यास केला. त्यांचे वजन जवळपास चतुर्थांशाने घटले. शिवाय ते चिडखोर आणि उदास झाले, कामातले लक्ष उडाले, ध्यानीमनी फक्त अन्न राहिले. तेव्हा एखाद्या मजुराला आळशी किंवा मुलाला मंद ठरवण्यापूर्वी त्याच्या पोटात काय गेले आहे, हे विचारावे.

लहान मुलाजवळ साठा थोडा आणि वाढीची गरज मोठी. भूक त्याच्यात दोन रूपांनी दिसते. सुकटीत मूल हाडांचा सापळा होते, चेहरा म्हाताऱ्यासारखा दिसतो. सुजवटीत पाय व चेहरा सुजतो आणि घरच्यांना ते 'अंगाने भरले' असे वाटते. अशा मुलाला साधा खोकला किंवा जुलाबही पेलवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार पाच वर्षांखालील मुलांच्या जवळपास निम्म्या मृत्यूंमागे कुपोषणाचा हात असतो.

भूक शहरातही येते

जुईनगरमध्ये दवाखाना चालवताना मला ही भूक वरचेवर भेटते. आसपास इमारतींची कामे चालू असतात. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याकडची, मराठवाड्याकडची कुटुंबे मजुरीला येतात. अशाच एका आईने दोन वर्षांचा मुलगा खोकल्यासाठी आणला. म्हणाली, "डॉक्टर, काय दिलं तरी खातच नाय हा." दंडाचा घेर मोजला, तो अकरा सेंटिमीटर भरला. भूक मरणे हे उपासमारीचेच एक लक्षण आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्या घरात तांदूळ होता, मीठ-मिरची होती. डाळ, तेल, अंडे नव्हते. आई सकाळी आठ वाजता कामावर चढत होती आणि मूल पाच वर्षांच्या बहिणीच्या हवाली होते. दोन वर्षांच्या मुलाचे पोट लहान असते. त्याला दिवसातून चार-पाच वेळा भरवावे लागते. ते कोणी भरवायचे? यात मी आईला अडाणी म्हणणार नाही. तिने मजुरी सोडली तर चूल बंद, नाही सोडली तर मूल उपाशी, अशी ही कात्री आहे.

धान्य असूनही उपासमार

१९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे शंभराहून अधिक बालके दगावली. तो भाग तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. तिथे दुष्काळ नव्हता, पाऊस तर बक्कळ पडतो. पण पावसाळ्यात घरातली नाचणी-वरी संपलेली असते, नवे पीक हाती आलेले नसते, मजुरी मिळत नाही, ओढे भरल्याने दवाखाना दूर पडतो आणि जुलाब-तापाची साथ त्याच वेळी येते. मेळघाटातही असेच चित्र त्या दशकात पुढे आले.

बंगालच्या १९४३ च्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसे मेली. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दाखवून दिले की त्या वर्षी बंगालमधले धान्य फारसे घटलेले नव्हते. ते विकत घेण्याची गरिबांची ऐपत संपली होती. याउलट १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात पीक बुडाले, तरी लोक लाखांनी मेले नाहीत. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीसारख्या दुष्काळी कामांवर माणसांना मजुरी मिळाली, सुकडी मिळाली. म्हणजे उपासमार ही देवाघरची आपत्ती नव्हे. ती थांबवता येते, हे आपल्याच राज्याने करून दाखवले आहे.

दाखल्यावर काय लिहावे?

आता सुरुवातीच्या वादाकडे वळू. मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला एका ओळीचा नसतो. पहिल्या ओळीत तात्काळ कारण, त्याखाली ते कशामुळे झाले आणि त्याखाली तेही कशामुळे, अशा उतरत्या ओळी असतात. न्यूमोनिया पहिल्या ओळीत शोभतो. खालच्या ओळीत 'तीव्र कुपोषण' लिहायला जागा असते. रोगांच्या जागतिक वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत तर अन्नाच्या अभावालाही स्वतंत्र क्रमांक आहे, एक्स ५३. जागा आहे, शब्द आहे. तरी भूक क्वचितच लिहिली जाते. कारण न्यूमोनियाला कोणी जबाबदार नसते आणि भुकेला कोणीतरी असते.

जे नोंदले जात नाही, त्यावर उपायही होत नाही. डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' हा अहवाल प्रसिद्ध केला. सरकारी नोंदीपेक्षा प्रत्यक्ष बालमृत्यू कितीतरी अधिक आहेत, हे त्यातून उघड झाले आणि त्यानंतरच सरकारी यंत्रणा हलली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील पाच वर्षांखालील शंभरांतील सुमारे पस्तीस मुले वयाच्या मानाने खुजी आणि सुमारे पंचवीस उंचीच्या मानाने कृश आढळली. तेव्हा माझ्या व्यवसायबंधूंना विनंती, दाखल्यावरच्या खालच्या ओळी रिकाम्या सोडू नयेत. त्यात कोणावर आरोप नाही, ते आपले निदान आहे.

वाचकांनी काय करावे?

१. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड खांदा व कोपर यांच्या मधोमध टेपने मोजावा. घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास मुलाला त्वरित सरकारी रुग्णालयात न्यावे. साडेअकरा ते साडेबारा असल्यास तो धोक्याचा इशारा समजावा.

२. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून खड्डा पडत असल्यास मूल गुबगुबीत दिसले तरी डॉक्टरांना दाखवावे.

३. फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम पोटभर जेवू घालू नये. रक्तातील क्षार अचानक घसरून हृदय बंद पडू शकते. थोडे थोडे, वरचेवर आणि वैद्यकीय देखरेखीखाली द्यावे.

४. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून आहाराचा हक्क दिला आहे. परगावाहून आलेल्या मजुराच्या मुलालाही तो आहे. आपल्या सोसायटीच्या बांधकामावर किंवा घरकामाला येणाऱ्या कुटुंबात लहान मूल असेल, तर त्याचे नाव जवळच्या अंगणवाडीत घातले आहे का, एवढे विचारावे. नसेल तर बरोबर जाऊन घालावे.

शिळी पोळी देऊन पुण्य मिळत असेल, नसेल. अंगणवाडीच्या वहीत एक नाव चढले, तर मात्र एका मुलाला रोजचा घास मिळतो.